अर्ध्या पानाचा रविवार

"घरा चल पात्रांव, वयनी बरी नाय," असं बाबलीनं सांगितलं, आणि आपली बायको गेली हे जयवंतला कळलं. केरीच्या धक्क्यावर, कार्तिकी एकादशीच्या दुपारी. बाबली म्हणजे मोटरसायकलवरून माणसं पोचवणारा पायलट, पिवळ्या मडगार्डाचा. एरवी त्याचं तोंड बंद नसायचं. त्या दिवशी तो एवढंच बोलला, आणि तेही जयवंतकडे न बघता फेरीबोटीच्या दोराकडे बघत. जयवंतला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. पेडण्याच्या या टोकाला कोणी मेलं असं तोंडावर सांगत नाहीत. बरी नाय म्हणतात, जरा कमी आसा म्हणतात, बोलावलंय म्हणतात, आणि ऐकणारा वाटेत आपलं आपण समजून घेतो. दारात पोचेपर्यंत त्याची तयारी झालेली असते. जयवंत बावीस वर्षं केरी-तेरेखोल फेरीबोटीचा पात्रांव, म्हणजे सुकाणू धरणारा. नदीच्या अलीकडचे असले निरोप पलीकडे त्याच्याच तोंडून गेले होते. तेरेखोलच्या गुरुदासाला त्यानंच सांगितलं होतं, बापायक बरा नाय, चल. आणि बाप पहाटेच गेला होता. गुरुदास तिथंच, बोट टेकते त्या उतारावर, मटकन बसला होता. त्याला काही फोड करून सांगावं लागलं नव्हतं. जयवंतलाही लागलं नाही.

त्यानं बोट नीट बांधून घेतली. धाकू खलाशाला सांगितलं, दुसऱ्या पाळीच्या पात्रांवाला बोलावून आण. उतारावरच्या पाण्यात पाय धुतले, चपला घातल्या आणि बाबलीच्या मागे बसला. बाबलीनं गाडी जोरात काढली तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सावकाश चल. आतां घाय कसली." बाबलीनं वेग कमी केला. पालयेच्या तिठ्यावर शांतारामाचं कापडाचं दुकान आहे. त्याच्या घड्याळात पाऊण वाजला होता. एक वाजता दुकानं बंद होतात ती चारला उघडतात, दुपारच्या झोपेला गोव्यात कोणाची माफी नाही. सवाष्ण बाई हिरव्या पातळात जाते, आणि चारपर्यंत पातळ मिळालं नाही तर सगळंच खोळंबणार, अंधार पडणार. हे सगळं त्याच्या डोक्यात सरळ, एकामागून एक आलं. "थांबय," तो म्हणाला. शांतारामानं दोन हिरवी पातळं काढली. एक पोपटी, एक गडद, पिवळ्या काठाचं. "व्हडल्या दिवाळेक वयनीक साडी? बरी बुद्धी झाली पात्रांव तुका," शांताराम म्हणाला. दुसऱ्या दिवशी तुळशीचं लग्न होतं, त्याला तसंच वाटणार. जयवंतनं पोपटी उलगडून पाहिलं, एका कडेला सूत ओढलेलं होतं. मग गडद पाहिलं. उजेडात नेऊन पाहिलं. लग्नानंतरच्या एकतीस वर्षांत बायकोसाठी एकट्यानं पातळ निवडायची ही त्याची पहिली वेळ. गडद घेतलं, कोरं पांढरं कापड घेतलं, कापूर घेतला. पुडकं कागदात बांधून घेतलं. घर तिथून दोन मिनिटांवर होतं.

नंतर सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. एवढ्या प्रसंगात माणसाला किती सुचलं बघा, म्हणाले. बाराव्या दिवसापर्यंत कोणी ना कोणी ते म्हणत होतं, आणि प्रत्येक वेळी जयवंत उठून मागीलदारी जात होता. लोकांना वाटायचं रडायला जातो. तो रडत नव्हता, त्याला वैताग येत होता. आजही येतो. पाववाला पोदेर सकाळी सायकलचा हॉर्न वाजवतो त्याचा येतो, मेजावरच्या मेणकापडाला पडलेल्या भोकाचा येतो, बोटीवर चढताना मोटरसायकलवाले उतरत नाहीत त्याचा येतो. पण सगळ्यात जास्त येतो तो डायरीचा.

डायरी जावयानं आणली. सुदेश पाळी गावच्या खाणीवर सुपरवायझर आहे, खाणवाले दर वर्षी अशा डायऱ्या वाटतात. जाड पुठ्ठ्याची, वर बार्जचं चित्र, आत टपालाचे दर, शहरांची अंतरं, आणि प्रत्येक पानाखाली एक सुविचार. शनिवार आणि रविवार मिळून एकच पान, मधे रेघ. रविवारी माणसाला अर्धंच काही होतं असं छापणाऱ्याला वाटत असावं. डायरी सुदेशानं आणली, पण कल्पना लेकीची. सुप्रिया डिचोलीला प्राथमिक शाळेत शिकवते. ती एका मासिकात वाचून आली होती. "बाबा, रोज दहा मिनिटं लिहायचं. मनात येईल ते. मन मोकळं होतं, विचार स्पष्ट होतात. डॉक्टरांनी लिहिलंय." जयवंत म्हणाला, "मन मोकळं करून मग त्यात काय भरायचं?" सुदेश हसला. सुप्रियाला हसू आलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही कोणाशी बोलत नाही बाबा. आईचं नावही घेत नाही. निदान कागदाशी तरी बोला. कोणी वाचणार नाही." पुढच्या रविवारी आली तेव्हा तिनं पहिली ती डायरीच उघडली. एक जानेवारीच्या पानावर लिहिलं होतं: साडेपाचला उठलो. भरती अकराला. फेऱ्या अकरा. शेरा नाही. खाली छापलं होतं, हसतमुख माणूस सर्वांना आवडतो. दोन जानेवारीला भरती पाऊण तासानं पुढे गेली होती, बाकी तेच.

"बाबा, हे लॉगबुक झालं."

"मग काय लिहू?"

"तुम्हाला काय वाटलं ते."

"वालीची भाजी खारट वाटली. लिहू?"

"लिहा," सुप्रिया म्हणाली. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून भांडी घासत राहिली. घासायला भांडी दोनच होती.

लॉगबुकाबद्दल सुप्रियाला काय माहीत. बोटीवर लॉगबुक असतं, प्रत्येक फेरीची सुटायची वेळ, लागायची वेळ, शेरा. वाऱ्यानं पानं उडतात, हातांना ग्रीस असतं, म्हणून जयवंत सकाळी पहिल्या फेरीआधीच दिवसभराच्या सगळ्या वेळा भरून खाली सही करून टाकायचा. वेळापत्रक ठरलेलंच होतं. सगळे पात्रांव तसंच करायचे. साहेबाला माहीत होतं, साहेबाच्या साहेबालाही माहीत असणार. बायको गेली त्या एकादशीच्या बुधवारीही त्यानं तसंच केलं होतं. महिन्याभरानं कामावर परत रुजू झाल्यावर त्यानं ते पान काढून पाहिलं. त्याच्याच अक्षरात, त्याच्याच सहीखाली, तो त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत बोट चालवत होता. तीन वाजता तेरेखोलहून सुटला. साडेचारला केरीहून सुटला. तेव्हा तो ओल्या धोतरानं स्मशानात उभा होता, पण कागद म्हणतो नदीत होता, आणि उद्या कोणी विचारलं तर कागदच खरा धरतील. हे पाहून त्याला रडू यायला हवं होतं. त्याला आला तो वैतागच, आणि धाकूवर उगाच ओरडला, दोर भिजला म्हणून. बोटीचा दोर भिजला म्हणून कोणी ओरडतं काय. धाकू म्हणाला, "सुकतलो हां पात्रांव, नदी आटली काय सुकतलो." नंतर चहा आणून दिला.

डायरी तो जेवणाच्या सुट्टीत तेरेखोलच्या बाजूला, बाकावर बसून लिहायचा. घरी लिहिता यायचं नाही. घरी मेजासमोर तिचा फोटो होता. धाकू वाकून बघायचा. हिवाळाभर बोटीवर भाषेवरून भांडणं चालली होती, मराठी की कोंकणी, पेडण्याहून येणारे एक बोलायचे, पणजीहून येणारे दुसरं, नदीच्या मध्यावर आवाज चढायचे आणि उतारावर बोट टेकली की सगळे आपापल्या वाटेला. एकदा धाकूनं विचारलं, "पात्रांव, डायरी खंयच्या भाशेत लिवतंस?" जयवंत म्हणाला, "ओहोटीच्या." पण धाकूनं विचारलं ते खोटं नव्हतं. एकदा जयवंतनं खरंच लिहून पाहिलं होतं. शाळेत शिकलेल्या मराठीत त्यानं बायकोबद्दल लिहिलं, शालिनीची प्रकृती त्या दिवशी ठीक नव्हती. वाचलं आणि स्वतःच्याच अक्षराचा राग आला. ही कोण शालिनी. हिला प्रकृती कधी होती. ही कोणा मामलेदाराची बायको असावी. त्याची बायको छातीत कळ आली तरी "वात आसा" म्हणायची आणि सुंठ चावायची. त्यानं ओळ खोडली. घरी रविवारी सुप्रिया आणि सुदेशही त्याच विषयावर भांडायची, ती मराठीच्या बाजूनं, तो कोंकणीच्या, मधे माशाचं ताट. शाळेचं काय होणार म्हणून सुप्रियाचा जीव खालीवर. फोटोतली बाई दोघांकडे बघत असायची. तिला दोन्ही लिहिता येत नव्हतं. सही यायची तेवढी, तीही पुरी व्हायला वेळ लागायचा, आणि तोवर कारकून पेन हातात घेऊन थांबलेला असायचा.

सुप्रियाला वाटतं, बाबांना बोट मागे न फिरवल्याचं लागून राहिलंय. बाबली केरीच्या धक्क्यावर पोचला तेव्हा बोट निम्म्या नदीत होती. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून हलवला, ओरडला. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. चुकलेली माणसं टॉवेल हलवतातच. शिवाय बाबलीनं मागे एकदा अशीच बोट मध्यातून परत बोलावली होती आणि उतारावर लागल्यावर म्हणाला होता, मासळीची पाटी रवली, म्हणजे मागे राहिली. त्या दिवसापासून जयवंतनं ठरवलं होतं, बाबली बुडत असला तरी परत फिरायचं नाही. मग तेरेखोलला जाऊन, माणसं उतरवून, चढवून तो परत आला. वीस-पंचवीस मिनिटं. त्याचं जयवंतला काही वाटत नाही. खरंच वाटत नाही. बोट परत फिरवत नाहीत, एकाच्या जिवासाठी चाळीस जणांना नदीत गोल फिरवत नाहीत. सुप्रिया परत परत तेच काढते: "बाबा, त्यात तुमची काय चूक? तुम्हाला काय ठाऊक?" तो मान हलवतो. लेकीला चुकीच्या जागी फुंकर घालू द्यायची, ती खूश होते. पण दर रविवारी फुंकर घालून घ्यायचाही कंटाळा येतो.

त्याला लागून राहिलेलं दुसरंच आहे, आणि ते बाराव्या दिवशी सुरू झालं. तोवर सगळं सरळ होतं. बाबली आला तेव्हा ती गेलेली होती, त्याला निरोप पोचला तेव्हा ती गेलेली होती, तो सावकाश आला, वाटेत लागेल ते सामान घेतलं. कोणीही हेच केलं असतं. बाराव्याला तो पडवीत बसला होता आणि आत जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, बायका पानं लावत होत्या. शेजारची पद्मावती सांगत होती. शेवटी शालिनीजवळ तीच होती; तुळशीवृंदावनाला चुना लावता लावता शालिनी खाली बसली तेव्हा तिनंच तिला उचलून आत नेलं, तिनंच बाबलीला पिटाळलं. पद्मावती म्हणत होती, "पाणी मागला तिणां. दोन घोट घेतल्यान. मागीर म्हणता, हे आयले काय गो? मी म्हटलंय, येतत, बाबली गेला हाडूक. मागीर परत थोड्या वेळान म्हणता, आयले काय?" कुणी बाई हुंदका देऊन रडली. जयवंत पडवीत तसाच बसून राहिला. समोर कावळ्याला ठेवलेला भात होता आणि कावळा केव्हाच शिवून गेला होता.

म्हणजे बाबलीला पाठवलं तेव्हा ती जिवंत होती. बाबली सांगायला आला ते खरंच तेवढंच होतं, जे तोंडानं बोलला ते. बरी नाय. बावीस वर्षांत त्या शब्दांचा अर्थ कधीही बरी नाय असा झाला नव्हता, आणि त्या एका दिवशी झाला. पद्मावतीनं साधा निरोप दिला होता. बाबलीनं तो साधाच आणला होता. समजून घेण्याचं काम जयवंतनं केलं. म्हणून पाय धुतले. म्हणून सावकाश चल म्हणाला. म्हणून पातळ उजेडात नेऊन पाहिलं, सूत ओढलेलं आहे का ते.

आता फक्त वेळेचा प्रश्न राहिला होता. ती दुसऱ्यांदा "आयले काय" म्हणाली ते केव्हा. बाबली पालयेहून केरीला दहा मिनिटांत येतो. मग बोटीची वाट, पंचवीस मिनिटं. मग परतीची बारा, सावकाश म्हटल्यामुळे बारा. मग दुकान. दुकानात किती, पंधरा? दोनदा उलगडलं, दोनदा घडी केली, शांताराम कापूर शोधायला आत गेला होता. वीस असतील. ती पोपटी पातळ बघताना गेली की आधीच गेली होती, बाबली टॉवेल हलवत होता तेव्हा, तेरेखोलला माणसं चढत होती तेव्हा. आधी गेली असेल तर काही झालेलं नाही, तो जसा होता तसाच आहे. नंतर गेली असेल तर दोन मिनिटांच्या अंतरावर बायको विचारत होती आणि हा तिला नेसवायचं पातळ निवडत होता. घड्याळाकडे कोणी बघितलं नाही. बायका अशा वेळी घड्याळाकडे बघत नाहीत. तो आत शिरला तेव्हा तिचा हात गरम होता. पण ते ऊन, ती भिंतीलगतची जागा, कार्तिकातल्या दुपारी मेजही गरम असतं. बायकांचं रडणं तो आल्यावर सुरू झालं. पण नवरा येईपर्यंत बायका थांबतातच, तशी रीत आहे. पद्मावती दारात उभी होती. तिनं आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, हातातल्या पुडक्याकडे बघितलं. कागदातून हिरवा काठ बाहेर आला होता. मग तिनं पुडकं त्याच्या हातातून घेतलं आणि दाराच्या मागे, कोनाड्यात सरकवून ठेवलं. का सरकवलं. लागणारच होतं तर पुढ्यात ठेवायचं. लपवलं का. की बायकांच्या हातांना अशी वस्तू नजरेआड ठेवायची सवयच असते. जयवंत हे एका बाजूनं बघायचा, मग दुसऱ्या बाजूनं, आणि दोन्ही बाजू सारख्याच दिसायच्या. सुप्रियाचा डॉक्टर म्हणतो लिहिल्यानं विचार स्पष्ट होतात. विचार स्पष्टच होते. एवढे स्पष्ट विचार त्याच्या डोक्यात कधी नव्हते. नको होते तेवढे स्पष्ट होते.

जानेवारीत त्यानं बाबलीला गाठलं होतं. बाबली मोटरसायकल पुसत होता, आणि हल्ली तो जयवंत दिसला की काहीतरी पुसायलाच घ्यायचा.

"पद्मावयनीन तुका काय सांगला, बाबली? शब्द सांग."

"शब्द काय. वयनी बरी नाय, पात्रांवाक घेवन ये."

"तसाच सांगला?"

"तसाच."

"आणि तुका काय वाटला?"

बाबली बराच वेळ आरसा पुसत राहिला. "तुका वाटला ताच," तो म्हणाला. "सावकाश चल म्हणालंस तेव्हा माका वाटला, पात्रांवाक ठाऊक आसा. तुका ठाऊक आसा म्हणून मी सावकाश चलयली." मग म्हणाला, "खरां सांगू? मी भर्रकन जायन म्हणून निघालंय. तू सांगल्यार मी कित्याक आयकलंय, देव जाणा." जयवंतला पहिल्यांदाच त्याची कीव आली, आणि लगेच राग आला, की आता ह्याची पण कीव करायची.

पद्मावतीला मात्र विचारता येत नव्हतं. घर वीस पावलांवर. रोज सकाळी ती पोदेराकडून त्याचे दोन उंडे, गोल पाव, घेऊन पिशवीत घालून जनेलाच्या कडीला लावून ठेवायची. जाता येता "जेवलंस?" म्हणून विचारायची. वयानं मोठी, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, सरळ बोलणारी बाई. सरळ बोलणारी म्हणूनच भीती. ती म्हणाली, तू येण्याआधीच गेली रे, बाबली वाटेत होता तेव्हाच, तर तो विश्वास ठेवणार नाही. या भागात असंच सांगतात, माणसाला सुचेल आणि सोसेल असं. आणि ती दुसरं म्हणाली तर ते खरंच असणार, कारण असं खोटं कोणी सांगत नाही. म्हणजे विचारून दोनच गोष्टी हाती येणार, एक बिनकामाची आणि एक नको ती. हे त्यानं डायरीत लिहिलं, वीस मार्चच्या पानावर, ती खोडलेली ओळ सोडली तर पहिल्यांदाच शेऱ्यापलीकडे काही लिहिलं. लिहून झाल्यावर वाचलं. बरोबर होतं. कुठेही चूक नव्हती. आणि तरी त्याला विचारायचं होतंच. दात दुखत असला की जीभ तिथेच जाते, तसं ते होतं. सुविचार होता, वाणी हेच माणसाचे भूषण. त्यानं पान फाडलं नाही. डायरी पेटीत कुलूप लावून ठेवायला लागला, तेव्हा सुप्रिया खूश झाली. म्हणाली, "बघा, आता खरं लिहायला लागलात."

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गोवा राज्य झालं. धाकूनं बोटीच्या कठड्याला आंब्याचे टाळ बांधले, कोणीतरी कागदी पताका लावल्या, त्या पहिल्या दोन फेऱ्यांतच वाऱ्यानं नदीत गेल्या. तेरेखोलला किल्ला बघायला निघालेली पणजीची माणसं पेढे वाटत होती. "पात्रांव, आतां आमी राज्य झाले," धाकू म्हणाला. जयवंत म्हणाला, "बरा झाला. आतां भरती वेळेर येतली." लोक हसले. त्यानं पेढा खिशात घातला, खाल्ला नाही. बाबली तिठ्यावरून माणूस घेऊन आला होता आणि त्याच्याबरोबर बोटीवर चढला होता. तो जवळ येऊन म्हणाला, "पद्मावयनी फाल्यां वास्कोक वता. पूत घेवन वता. डोळ्याचा ऑपरेशन. पावसाभर थंयच." आणि जयवंतच्या हातातलं चाक तसंच राहिलं, धाकूला ओरडावं लागलं, पात्रांव, उतार. वास्को म्हणजे काही मुंबई नव्हे. पण डोळ्यांचं ऑपरेशन, पोराचं घर, तिसरा मजला, सून नोकरीला, नातवंडं. पावसाभर म्हणून गेलेली म्हातारी माणसं चतुर्थीला परत येतात ती पाहुण्यांसारखी, आणि पुढच्या वर्षी तीही येत नाहीत. त्यानं हे पाहिलं होतं. त्याच्याच बोटीतून किती ट्रंका गेल्या होत्या.

त्या दुपारी तेरेखोलच्या बाकावर बसून त्यानं तीस मेच्या अर्ध्या पानात सगळं लिहिलं. वेळांसकट. सकाळी आगाऊ भरलेल्या नव्हेत, खऱ्या वेळा, जशा आठवल्या तशा. बाराच्या सुमाराला बाबली धक्क्यावर. साडेबाराच्या आधी बोट लागली. पाय धुतले. पाऊण वाजता दुकान. पोपटी, सूत ओढलेलं. गडद, पिवळा काठ. एक वाजून गेल्यावर घर. अक्षर बारीक करून लिहिलं तेव्हा बसलं. ती गेली त्या वेळेसाठी मधे एक ओळ मोकळी सोडली. मग पेन बंद करून खिशात ठेवलं तर पेन पेढ्यात रुतलं. त्यानं ते नदीत धुतलं आणि ते परत चाललं नाही. सुप्रियाच्या मासिकातल्या डॉक्टरानं अशा वेळी काय करायचं ते लिहिलेलं नसणार.

रविवारी सकाळी त्याची पाळी नव्हती. जनेलाला पिशवी होती, उंडे अजून गरम होते. जायच्या दिवशीही बाईनं ते सोडलं नव्हतं. पद्मावती नऊच्या गाडीला निघाली. मुलगा ट्रंक घेऊन पुढे तिठ्यावर गेला होता. ती जयवंतच्या दारात आली तेव्हा नवं पातळ नेसली होती, आणि हातात कापडी पिशवी, पिशवीत बहुतेक कोकमाची सोलं. तिनं अंगणात उभं राहून वृंदावनाकडे बघितलं. वृंदावनाच्या दोन बाजू पांढऱ्या होत्या आणि दोन तशाच. एकादशीला शालिनीनं जिथवर चुना लावला होता तिथवरच तो होता. नंतर कोणी हात लावला नव्हता.

"येतंय हां, जयवंता."

"चवथीक येशात मां, वयनी?"

"डोळे दिले देवान तर. तुजा जेवणाचा बघ. वालीच्या भाजीत मीठ कमी घाल, सुप्रिया सांगत होती."

"घालतंय."

ती निघेना. "तू वाळलंस," ती म्हणाली. "लिवतंस म्हणे रोज. सुप्रियान सांगला. बरा वाटता काय लिवन?"

"काय नाय वाटत."

"वाटूचा नाय. माका लिवक येयना ताच बरा." ती हसली. तिचे डोळे अधू होते, ती त्याच्याकडे बघत होती की त्याच्या मागच्या दाराकडे, दारामागच्या कोनाड्याकडे, ते समजत नव्हतं. "तुका काय इचारूचा आसा काय रे?"

जयवंतच्या तोंडात शब्द तयार होते. सहा महिने तयार होते. मराठीत नव्हते, कागदावरचे नव्हते, घरात बोलायचे होते. वयनी, ती खंयच्या वेळार गेली. एवढंच.

"चुन्याचो डबो खंय दवरल्यात?" तो म्हणाला. "त्या दिसाचो."

"तुळशीच्या फाटल्यान, फळीर. सुकलो आसतलो." ती थांबली. "आणि?"

"काय नाय."

"इचार रे. गाडी येवक वेळ आसा."

"काय नाय, वयनी. सांबाळून वच."

ती आणखी थोडी उभी राहिली. त्याला वाटलं, ही आता आपण होऊन सांगणार, आणि त्यानं पायाखालच्या पायरीवर लक्ष ठेवलं, पायरीच्या कडेला फुटलेल्या लाद्यांवर. पण तिनं फक्त पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पावाचा पोदेराक सांगून दवरलां," ती म्हणाली. "तो कडयेक लावतलो. कुत्र्यांपासून सांबाळ." मग वळून पायवाटेनं गेली. तिठ्यावर गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. जयवंत दारात उभा राहिला आणि मग तुळशीच्या मागे जाऊन डबा शोधला. चुना दगड झाला होता, त्यात काथ्याचा कुंचा उभाच अडकलेला होता, शालिनीनं ठेवला होता तसा.

डबा त्यानं परत तिथेच ठेवला. आत येऊन सुप्रिया मागच्या रविवारी विसरून गेलेल्या पिशवीतली पेन्सिल घेतली आणि पहिल्यांदाच घरात, मेजावर, फोटोसमोर बसून डायरी उघडली. एकतीस मे, रविवार, रेघेखालचं अर्धं पान. तेवढं पुरलं.

पद्मावहिनी नऊच्या गाडीनं वास्कोला गेल्या. शालिनी किती वाजता गेली ते त्यांना विचारायचं राहिलं आहे.